लिंबूटिंबू आणि पट्टीचा खेळाडू : दोघांना एकाच डावात कसं खेळवायचं?



चौथीच्या वर्गात मी दर शनिवारी पाढ्यांची स्पर्धा घेत होते. जो आधी उत्तर देईल त्याला गुण. सुरुवातीला वर्ग दणाणून जायचा. महिन्याभरात लक्षात आलं की जिंकणारी तीनच मुलं आहेत, तीच ती. एका मुलाला तर नेमकी त्याची पाळी आली की तहान लागायची. "मॅडम, पाणी पिऊन येऊ?"

हाच मुलगा मधल्या सुट्टीत मित्रांना सांगत होता, की आईच्या मोबाईलवर लुडो खेळताना कोणती सोंगटी पुढे काढायची आणि कोणती घरात दडवून ठेवायची. रोज हरतो म्हणे, तरी रोज खेळतो! मग माझ्या खेळातून तो पळून का जात होता? गेम बनवणाऱ्यांना जे जमतं ते मला का जमलं नाही? त्या विचारातून आजचा हा लेख.

दोन प्रकारचे खेळाडू

कोणताही गेम बनवताना दोन खेळाडू डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. एक हौशी : रात्री भांडी आवरून दहा मिनिटं खेळणारी आई. दुसरा मुरलेला : त्याच गेममध्ये तासन्‌तास डोकं घालणारा तिचा मुलगा. हौशी म्हणजे 'ढ' नव्हे, हे आधी लक्षात घेऊ. त्याच्याकडे वेळ कमी असतो, इतकंच. गेम फार सोपा केला तर मुरलेला कंटाळतो. फार अवघड केला तर हौशी परत येत नाही.

आपल्या अंगणात यावर जुना तोडगा होता, लिंबूटिंबू. धाकट्या भावंडाला खेळायला घ्यायचं, पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. चार वर्षांच्या पोराला यात मजा वाटते. सात वर्षांचं झालं की तेच पोर रडत येतं, "मला लिंबूटिंबू नका करू!" आपण खेळात आहोत पण मोजले जात नाही, हे त्याला कळलेलं असतं.

वेरूळपासून मोबाईलपर्यंत

आपल्या संभाजीनगरच्या मुलांना सहलीला वेरूळला नेतो, तेव्हा २१ क्रमांकाच्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळतानाचं शिल्प नक्की दाखवा. सारीपाट आणि पचिशी हे आपले जुने खेळ. पचिशीचंच सोपं रूप इंग्लंडमध्ये १८९६ साली 'लुडो' नावाने पेटंट झालं. पुढे २०१६ मध्ये नवी मुंबईच्या गेमशन टेक्नॉलॉजीज या विकाश जायसवाल यांच्या कंपनीने 'लुडो किंग' आणला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर आजीपासून नातवापर्यंत सगळे त्यावर होते. प्ले स्टोअरवर त्याचे डाउनलोड ५० कोटींच्या पुढे गेले आहेत.

आजी आणि नातू एकाच पटावर कसे काय बसू शकतात? उत्तर फाशात आहे. सोंगटी बाहेर काढायला सहा पडावे लागतात. सहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के असते, म्हणजे तीनात एक! कितीही हुशार खेळाडू असला तरी त्याला ताटकळावं लागतं. म्हणून आजीलाही जिंकायची संधी राहते. पण चार सोंगट्यांपैकी कोणती हलवायची हा निर्णय खेळाडूचा असतो. तिथे नातवाचं डोकं चालतं.

आता बाजूचे दोन खेळ पाहा. सापशिडीत निर्णयच नाही, सगळं फाशावर. मोठी मुलं लवकर कंटाळतात. बुद्धिबळात फासाच नाही. नवखा मुरलेल्याकडून हरतच राहतो. म्हणून बुद्धिबळाने वेगळी वाट काढली, खेळाडूला गुणांकन द्यायचं. अर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. आज ऑनलाइन बुद्धिबळात साधारण आपल्याच ताकदीचा प्रतिस्पर्धी मिळतो, त्यामागे अशीच गुणांकनं असतात.

गेम बनवणारे आणखी काय करतात?

१) *मागे पडलेल्याला रेटा.* निन्टेंडोच्या 'मारिओ कार्ट' या गाड्यांच्या शर्यतीत वाटेत वस्तू मिळतात. पुढे असलेल्याला साधी वस्तू, मागे असलेल्याला जोरदार. १९९६ च्या 'मारिओ कार्ट ६४' मध्ये आलेलं निळं कवच तर थेट पहिल्या क्रमांकाच्या गाडीवर जाऊन आदळतं. अर्थात हे अती झालं की चांगला खेळणारा म्हणतो, "मग मी मेहनत कशाला करू?"

२) *वाट एक, आव्हानं जास्तीची.* 'सेलेस्ट' (२०१८) या गेममध्ये डोंगर चढायचा असतो. वाटेत अडनिड्या जागी स्ट्रॉबेरी ठेवलेल्या आहेत. त्या घेतल्या नाहीत तरी शिखर गाठता येतं. मुरलेला मात्र त्यांच्यासाठी शंभरदा पडतो आणि शंभरदा उठतो.

३) *मदत मागायची मोकळीक.* याच गेममध्ये खेळाडू स्वतः गेमचा वेग कमी करू शकतो. तुला जमत नाही, असं गेम त्याला म्हणत नाही. ठरवणारा तोच.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. सवलत माणसाला दिलेली नाही, ती नियमात आहे. मागे पडेल त्याला रेटा, मग तो कुणीही असो. हवा असेल त्याला कमी वेग, मग तो कुणीही असो. म्हणून इथे कुणी लिंबूटिंबू ठरत नाही.

माझा वर्गातला प्रयोग

मी ३० घरांचा पट बनवला आणि तीन रंगांची कार्डं केली. हिरव्या कार्डावर २ ते ५ चे पाढे, बरोबर उत्तराला १ घर पुढे. पिवळ्यावर ६ ते ९ चे, २ घरं. लाल कार्डावर १२ ते १९ चे, ४ घरं. चुकलं तर जागेवरच.

पहिल्या दिवशी मीच घोळ घातला. कुणाला कोणतं कार्ड ते मीच ठरवलं. पाणी प्यायला जाणाऱ्या त्या मुलाला हिरवं दिलं. त्याने ते हातातही घेतलं नाही. "मला नको लहान पोरांचं कार्ड." मीच त्याला सगळ्यांदेखत लिंबूटिंबू केलं होतं.

दुसऱ्या शनिवारी एकच बदल केला. कार्ड ज्याचं त्याने निवडायचं, दर पाळीला नव्याने. त्याने चार वेळा हिरवं घेतलं आणि चार घरं पुढे गेला. मग हळूच पिवळ्याला हात घातला. वर्गातल्या सर्वात हुशार मुलाने लालच धरलं. तो तीनदा चुकला आणि मागे राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पाढे अवघड वाटले असतील! पुढच्या शनिवारी तो १७ चा पाढा पाठ करून आला.

घरांचे आकडे मी सहज ठेवले नव्हते. लाल कार्ड चारात एकदा बरोबर आलं तर सरासरी दर पाळीला १ घर मिळतं, म्हणजे हिरवं दर वेळी बरोबर आणण्याइतकंच. निम्म्या वेळा बरोबर आलं तर सरासरी २ घरं. म्हणजे सावकाश जाणारा टिकून राहतो आणि मेहनत करणाऱ्याला मेहनतीचं फळ मिळतं. लालला ४ ऐवजी १० घरं दिली असती तर हिरवं कार्ड कुणी घेतलंच नसतं. समतोल म्हणतात तो हाच, आकडे खाली-वर करून पाहिल्याशिवाय तो सापडत नाही.

वर्गात सगळ्यांचे पाढे पक्के झाले, असा दावा मी करणार नाही. पण त्या मुलाला शनिवारी तहान लागणं बंद झालं.

पालकांसाठी

मूल मोबाईलवर गेम खेळत असेल तर शेजारी बसून तीन गोष्टी पाहा. हरल्यावर पुन्हा प्रयत्न करावासा वाटतो का? सरावाने खेळ सुधारतो का? की पैसे भरणारा पुढे जातो? पैशाने ताकद विकणारा गेम हौशी आणि मुरलेला दोघांनाही फसवतो. तिथे समतोल खेळाचा नसतो, खिशाचा असतो.

करून बघा

मुलांना सापशिडीचा पट द्या आणि सांगा, "एक नियम असा बदला की लहान बहिणीलाही जिंकता येईल आणि दादालाही डोकं लावावं लागेल. पण नियम दोघांना सारखाच हवा." दोन फासे टाकून हवा तो आकडा निवडणं, शिडी घ्यायची की नाही हे स्वतः ठरवणं, असं बरंच काही मुलं सुचवतात. प्रत्येक नियम खेळून पाहायचा, जमला नाही तर पुन्हा बदलायचा. गणित, भाषा आणि दुसऱ्याचा विचार, तिन्ही एका तासात होतात.

आणि पुढच्या वेळी तुमच्या वर्गातलं एखादं मूल पाळी आली की पाणी प्यायला निघालं, तर त्याला ओरडण्याआधी आपल्या खेळाचे नियम एकदा तपासून बघा.