वापरलेल्या तेलाची परीक्षा आणि जैवडिझेल

तळणीसाठी वापरलेल्या तेलाचे पुढे काय होते, हा प्रश्न वरवर लहान वाटतो. परंतु त्याचा संबंध सार्वजनिक आरोग्याशी, सांडपाण्याच्या व्यवस्थेशी आणि इंधनाशीही आहे. भजी-वड्यांच्या गाड्या, फरसाणाची दुकाने, वसतिगृहे आणि मंगल कार्यालये येथे असे तेल नित्य उरते. ते पुन्हा कढईत जाते, स्वस्त दराने दुसऱ्या विक्रेत्याकडे जाते किंवा गटारात ओतले जाते. यांपैकी एकही वाट हिताची नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविली आहे. त्यापलीकडे गेलेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने मात्र अशा तेलाला जैवडिझेलचा कच्चा माल म्हणून स्थान दिले.

जैवडिझेल लहान प्रमाणावर, साध्या साधनांनीही तयार करता येते. तथापि तेल हाती येताच कामाला लागणाऱ्यांच्या पदरी पुष्कळदा इंधनाऐवजी साबणाचा लगदा पडतो. याचे कारण कृतीत नसून तेलाची परीक्षा आधी न करण्यात असते.

तेलात होणारा बदल

तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. कॉस्टिक सोड्यासारख्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने मिथेनॉल ही मेदाम्ले ग्लिसरॉलपासून वेगळी करून स्वतःशी जोडून घेते आणि जैवडिझेल तयार होते. तळताना पदार्थातील पाणी व कढईतील उष्णता यांमुळे काही मेदाम्ले आधीच सुटी झालेली असतात. घाण्यामागून घाणा निघत जातो तसे त्यांचे प्रमाण वाढते. ही सुटी आम्ले कॉस्टिक सोडा प्रथम खाऊन टाकतात व त्याचा साबण करतात. मूळ कामासाठी सोडा उरत नाही. म्हणून पाणी किती आणि सुटे आम्ल किती, हे दोन प्रश्न प्रथम सोडविले पाहिजेत.

पहिली चाचणी : पाणी

तेल गाळून, चांगले ढवळून मगच नमुना घ्यावा. कारण पाणी तळाशी बसते व वरचे तेल फसवे ठरते. नमुन्यातील थोडे तेल लहान भांड्यात सावकाश तापवावे. तडतड ऐकू आली किंवा बुडबुडे उठले, तर त्यात पाणी आहे. प्रमाण समजण्यासाठी १०० ग्रॅम तेल तडतड थांबेपर्यंत तापवून, थंड करून पुन्हा वजन करावे. जितके ग्रॅम घट, तितके टक्के पाणी. ओले तेल सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून रात्रभर निवळू द्यावे, तळाचे पाणी काढून टाकावे व उरलेले तेल तडतड पूर्ण थांबेपर्यंत तापवून कोरडे करावे.

दुसरी चाचणी : आम्लता

ही चाचणी म्हणजे शाळा-महाविद्यालयांत शिकविले जाणारे अनुमापन होय. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून द्रावण तयार करावे. सोडा हवेतील ओलावा शोषून घेतो, म्हणून बाटली घट्ट बंद असावी व द्रावण ताजे असावे. चंचुपात्रात १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्यात फिनॉल्फ्थॅलिन दर्शकाचे दोन-तीन थेंब टाकावेत. अल्कोहोलमध्ये स्वतःची थोडी आम्लता असू शकते. म्हणून प्रथम सोड्याच्या द्रावणाने त्याला फिकट गुलाबी छटा आणावी. मग त्यात नेमके एक मिलिलिटर तेल मिसळावे आणि ब्युरेटमधून द्रावण थेंबाथेंबाने सोडत ढवळत राहावे. गुलाबी रंग किमान १५ सेकंद टिकला, की तेल मिसळल्यानंतर लागलेल्या द्रावणाचा आकडा लिहून घ्यावा. चाचणी तीनदा करून सरासरी काढावी.

आकड्याचा अर्थ

येथे एक सोयीचा मेळ आहे. जितके मिलिलिटर द्रावण लागले, तितके ग्रॅम कॉस्टिक सोडा दर लिटर तेलामागे अधिक लागतो. ताज्या तेलासाठी हे प्रमाण साधारणतः लिटरला ३.५ ग्रॅम धरतात. तीन वाचने २.४, २.६ आणि २.५ आली, तर सरासरी २.५ होते, म्हणजे लिटरला एकूण ६ ग्रॅम सोडा हवा. अशा २० लिटर तेलाला १२० ग्रॅम सोडा व सुमारे ४ लिटर मिथेनॉल लागेल. चाचणी न करता ३.५ ग्रॅमच घातले असते, तर त्यातील २.५ ग्रॅम आम्लांनीच घेतले असते आणि अवघा एक ग्रॅम कामास उरला असता.

एक मिलिलिटर द्रावण म्हणजे अदमासे पाऊण टक्का सुटे मेदाम्ल. आकडा चारच्या आसपास गेला, की हे प्रमाण तीन टक्क्यांवर पोहोचते. मग साबण वाढतो, इंधन व ग्लिसरॉल नीट वेगळे होत नाहीत. असे तेल साध्या रीतीने वापरू नये. तसेच निरनिराळ्या ठिकाणांचे डबे तपासण्याआधी एकत्र करू नयेत; एक वाईट डबा चार चांगले डबे बिघडवितो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. या चाचणीचा आकडा कमी आला, म्हणजे तेल पुन्हा खाण्यास योग्य ठरले, असा अर्थ मुळीच नव्हे. ध्रुवीय संयुगांचे मोजमाप निराळे असून त्याचे उपकरणही निराळे असते.

तयार इंधनाची परीक्षा

ग्लिसरॉल काढून टाकल्यावर ३ मिलिलिटर जैवडिझेल २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये, २० ते २५ अंश तापमानास हलवून पाहावे. द्रावण निर्मळ राहिले तर रूपांतर समाधानकारक झाले. तळाशी तेलाचे थेंब साचले, तर काही तेल तसेच राहिले आहे. ही चाचणी उपयुक्त असली तरी प्राथमिकच आहे. विक्रीयोग्य जैवडिझेलला भारतीय मानक १५६०७ च्या कसोट्या लागू होतात.

सावधगिरी

मिथेनॉल हे विष आहे. ते पोटात गेल्यास दृष्टी व प्राण दोन्ही जाऊ शकतात. त्याची वाफ श्वासावाटे आणि द्रव त्वचेवाटेही शरीरात जातो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. त्या दारूत मिथेनॉलच होते. ते सामान्य तापमानासही पेट घेते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. म्हणून हे काम स्वयंपाकघरात, चुलीजवळ किंवा मुलांच्या हाती कदापि देऊ नये. कॉस्टिक सोडा हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा, ॲल्युमिनियमची भांडी टाळावीत.

गावपातळीवर काय करता येईल

पाणी व आम्लता यांच्या चाचण्यांत मिथेनॉल लागत नाही. त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली त्या होऊ शकतात. ग्रामपंचायतीने झाकणाचे डबे ठेवून तेल गोळा करावे, प्रत्येक डब्यावर ठिकाण व तारीख लिहावी आणि चाचणीचा आकडा नोंदवहीत उतरवावा. इंधननिर्मितीची सुरक्षित सोय नसेल, तर तेल अधिकृत संकलकाच्या स्वाधीन करावे. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांवर तर १ मार्च २०१९ पासून अशा नोंदींचे बंधन आहे. डब्याची नोंद झाली, म्हणजे ते तेल कोठे गेले हे विचारता येते. आणि असा प्रश्न विचारला जातो तेथे वापरलेले तेल कढईत परतणे अवघड होते.