वाटाड्या

भोर शहर मागे टाकून महाडच्या वाटेला लागले, की थोड्याच वेळात नीरा नदीचे खोरे प्रवाशाला आपल्या कुशीत घेते. दोन्ही हातांना सह्याद्रीच्या रांगा, मध्ये नीरा-देवघर धरणाचा लांबच लांब जलाशय आणि डोंगराच्या पोटाशी वळणे घेत जाणारा अरुंद रस्ता, असा हा प्रदेश आहे. याच रस्त्यावर हिर्डोशी हे गाव लागते. शिवकाळात हा मुलूख हिरडस मावळ म्हणून ओळखला जाई. मावळ म्हणजे मावळतीकडचा मुलूख. ज्या प्रदेशाच्या नावातच दिशा सांगितलेली आहे, तेथील माणसांना दिशांचे भान असावे, यात नवल ते काय?

हिर्डोशी सोडून रस्ता शिरगावाकडे चढत जातो. नीरेचा उगम तेथलाच. मग वरंधा घाट लागतो. कावळ्या किल्ल्याच्या अंगाखांद्यावरून, वाघजाईच्या देवळाजवळून हा घाट कोकणात उतरतो आणि रस्ता पुढे महाडला जाऊन मिळतो. पावसाळ्यात येथे पाऊस नुसता पडत नाही, कोसळतो. धुके असे दाटते, की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो.

अशा मुलखात वाट ओळखणे ही एक विद्याच असते. ती शाळेत शिकविली जात नाही. गुरांमागे रानात जाणारे मूल ती नकळत शिकते. ओढा कोणत्या हाताला ठेवायचा, दुफाटा आला म्हणजे कातळावरची पाऊलवाट धरायची की झाडीतली, हे त्याला कोणी पाठ करून घेत नाही. जांभळीखालचा खडक, देवराईची कड, वठलेला आंबा, पाण्याचा आवाज, गालाला लागणारा वारा, या साऱ्या त्याच्या खुणा. एकदा चाललेल्या वाटेचे चित्र त्याच्या मनात तयार होते. मनात चित्र असले, की एक वाट बंद झाल्यावर दुसरी कोठून काढावी, हेही सुचते. या 'सुचण्या'चे मोल थोडे नाही.

इतिहासात याचा दाखला आहे. १६६० च्या जुलै महिन्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर बाजीप्रभू देशपांडे होते आणि याच हिरडस मावळातील बांदलांचे सैनिक होते. घोडखिंडीतील बाजीप्रभूंच्या पराक्रमाची कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु खिंडीत तलवार चालण्यापूर्वी त्या लोकांनी काळोखात, भर पावसात, चिखल तुडवीत रात्रभर वाट काढली. हा पराक्रम काही लहान नव्हे. शत्रू पाठीवर असताना वाट चुकली असती, तर खिंड गाठणेच झाले नसते.

आज वाटाड्या बदलला आहे. तो खिशात मावतो. पुण्यातून निघताना प्रवासी मोबाइलला 'महाड' एवढेच सांगतो आणि गाडी सुरू करतो. पडद्यावर निळा ठिपका सरकू लागतो. 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा', असा आवाज येतो. हात चाक डावीकडे फिरवितात. किती सुखाची गोष्ट!

हे घडते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेच्या जी. पी. एस. या यंत्रणेचे उपग्रह फिरत असतात. तिचे काम नीट चालण्यासाठी असे किमान २४ उपग्रह लागतात. भारतानेही २०१३ पासून आपले दिशादर्शक उपग्रह सोडण्यास आरंभ केला आणि २०१६ मध्ये त्या यंत्रणेला 'नाविक' हे सुरेख नाव मिळाले. प्रत्येक उपग्रह 'मी अमुक जागी आहे, आता अमुक वेळ झाली आहे' असे अखंड सांगत असतो. तो संदेश खाली पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून मोबाइल त्या उपग्रहाचे अंतर काढतो. चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत, हे त्याला गणिताने कळते.

मात्र उपग्रह जागा ठरविण्यास मदत करतात, रस्ता सांगत नाहीत. रस्त्यांचा नकाशा निराळा असतो. तो जवळच्या मनोऱ्यामार्फत मोबाइलमध्ये येतो. घाटात डोंगर आड आला, की मनोऱ्याशी असलेला संबंध तुटतो. नकाशा आधीच उतरवून घेतलेला नसेल, तर कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा उरतो. 'तू येथे आहेस', इतके वाटाड्याला कळत असते. पण 'येथे' म्हणजे कोठे, हे त्याला सांगता येत नाही.

ही अडचण तशी लहानच. मनोरे वाढतील, ती दूर होईल. खरी गोष्ट घडते ती प्रवाशाच्या मनात. समजा, दोन माणसे भोरहून महाडला गेली. एकाने लोकांना विचारीत, खुणा पाहत, एकदा चुकून परत फिरत घाट उतरला. दुसरा आवाजाच्या आज्ञेप्रमाणे गेला आणि पहिल्याच्या आधी पोहोचला. संध्याकाळी दोघांना विचारावे, 'जलाशय कोणत्या हाताला होता? देऊळ घाटाच्या आधी लागले की नंतर?' पहिला लगेच सांगू लागेल. दुसरा बहुधा गोंधळात पडेल. कारण रस्ता त्याच्या चाकांखालून गेला, डोळ्यांपुढून गेला नाही. शिवाय वाट चुकली म्हणजे पूर्वी पाय दुखत, वेळ जाई, घरी बोलणी बसत; म्हणून ते वळण जन्मभर लक्षात राही. मोबाइल चुकणाऱ्याला रागावत नाही. तो मुकाट्याने नवी वाट आखून देतो. चूक फुकट दुरुस्त होते आणि तिच्यापासून मिळणारा धडाही त्याबरोबर नाहीसा होतो.

हा केवळ तर्क नव्हे. लंडन शहरात या विषयाचा चांगला अभ्यास झाला आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. तेथील काळ्या टॅक्सीच्या चालकाला परवाना मिळविण्यासाठी शहराच्या मध्यभागातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. या तयारीला काही वर्षे लागतात. तिचे नावच 'नॉलेज', म्हणजे 'ज्ञान', असे आहे. एलिनॉर मॅग्वायर या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी २००० साली या चालकांच्या मेंदूंची चित्रे तपासली. मेंदूत 'हिपोकॅम्पस' नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. जागा व वाटा लक्षात ठेवण्याच्या कामी तो येतो. चालकांमध्ये या भागाची मागील बाजू इतरांपेक्षा मोठी आढळली आणि ज्यांनी अधिक वर्षे टॅक्सी चालविली होती, त्यांच्यात ती अधिक मोठी होती. पुढे २०१७ मध्ये त्याच शहरातील संशोधकांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोक स्वतः वाट शोधीत असताना प्रत्येक नव्या चौकाशी मेंदूच्या या भागात खळबळ उडे. 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' अशा सूचना मिळू लागल्या, की ती खळबळ दिसेनाशी होई. मेंदू जणू म्हणत होता, 'माझे येथे काय काम?'

काम न देता ठेवलेली वस्तू आयत्या वेळी उपयोगी पडेल, असा भरवसा धरता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात याचा अत्यंत दुःखद प्रत्यय आला. पुण्याहून कळसूबाईच्या दिशेने निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी मोबाइलच्या नकाशावरून चालली होती. नकाशात रस्ता सरळ पुढे गेलेला होता. प्रत्यक्षात पुढचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. मोटार पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, एकाचा बुडून अंत झाला. त्यांना दोष देणे योग्य नव्हे. अनोळखी मुलखात, काळोखात त्यांच्याजवळ दुसरा वाटाड्या नव्हता. नकाशा खोटा होता, असेही म्हणता येत नाही. पूल होताच. पाणी ओसरले, की त्यावरून जाता येई. नकाशाला ठाऊक नव्हता तो ऋतू.

नीरेच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. देवघरच्या धरणात सुमारे ११.७ अब्ज घनफूट पाणी मावते; ते साठले, तेव्हा खोऱ्यातील सखल जमिनी पाण्याखाली गेल्या. पाणी उन्हाळ्यात उतरते, पावसाळ्यात चढते. काठ दर महिन्याला जागा बदलतो. घाटाचेही तसेच. २०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत वरंधा घाटात दरडी कोसळल्या व रस्ता खचला. त्याच पावसात घाटाखालच्या महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. त्यानंतरही पावसाळ्यात हा घाट वाहतुकीस बंद ठेवावा लागला आहे. अशा बंदीची वार्ता मोबाइलच्या नकाशात कधी येते, कधी येत नाही.

ती रस्त्याकडेच्या माणसाजवळ मात्र असते. पूर्वीचा प्रवासी गाडी थांबवून विचारी, "बाबा, महाडला हाच रस्ता ना?" त्यावर उत्तर येई, "रस्ता ह्योच, पाव्हणं. पर रातच्याला वर दरड आलीया. चहा घ्या आन् माघारी फिरा." प्रश्न एकच होता, उत्तरात मात्र रस्ता आला, पाऊस आला, सल्ला आला आणि वर चहाही आला! मोबाइलला विचारणाऱ्याला विचारलेले तेवढेच मिळते. शिवाय माणसाला विचारायचे म्हणजे काच खाली करावी लागते, नमस्कार करावा लागतो, आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करावे लागते. अनोळखी माणसाशी चार शब्द बोलण्याचा सराव अशाच लहानसहान प्रसंगांतून होत असे. आता शहरातील कित्येक मुलांना पत्ता विचारण्याचाच संकोच वाटतो.

यंत्रावर विसंबून माणसाने काही गमाविले, अशी ही पहिली वेळ नव्हे. एके काळी मराठी शाळांतून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकून घेतली जात असे. साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. 'सहा औट किती' असे विचारताच मूल 'एकवीस' म्हणून मोकळे होई. आज औटकी म्हणणारे घर सापडणे कठीण. डझनभर दूरध्वनी क्रमांक तोंडपाठ असणारी माणसेही आता विरळाच. २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत असे दिसले, की माहिती संगणकात साठविली जाणार आहे, अशी समजूत असली, म्हणजे माणसे ती कमी लक्षात ठेवतात. ती कोठे साठविली आहे, हे मात्र त्यांच्या लक्षात राहते. औटकी गेली म्हणून कोणी गळा काढू नये. तिच्या अभावी कोणी पाण्यात पडत नाही. वाटेची गोष्ट वेगळी आहे, इतकेच.

आणि नव्या वाटाड्याचे उपकारही थोडे नाहीत. रानात वाट चुकलेले गिर्यारोहक आपली नेमकी जागा मोबाइलवरून कळवितात व शोधणारे लोक थेट तेथे पोहोचतात. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. दुर्गम खोऱ्यातल्या रुग्णाला तिचा केवढा आधार! ज्या आजीला रात्री छातीत कळ आली, तिच्या घरच्यांना मोबाइल नको, असे कोण सांगेल?

मावळ खोऱ्यांतील कितीतरी तरुण आज पुण्यात घरोघरी सामान पोहोचविण्याचे काम करतात. एवढ्या अफाट शहरात हे काम निळ्या ठिपक्यावाचून होणे नाही. ते दिवसभर त्याच्या आज्ञेत असतात. गणपतीला तेच तरुण मोटारसायकलवरून गावाकडे निघतात. भोर मागे पडते, तसा मोबाइल खिशात जातो. धुक्यात पुढचे वळण दिसत नसते. पण ओढ्याचा आवाज उजवीकडून येऊ लागला, की गती आपोआप कमी होते. मागे बसलेला शहरातला मित्र विचारतो, "दिसत तर काहीच नाही. वळण आलं, हे तुला कळलं कसं?" पुढचा क्षणभर विचार करतो. कसे कळले, हे त्यालाही नीट सांगता येत नाही.

स्वाध्याय

१. 'नकाशाला ठाऊक नव्हता तो ऋतू', असे लेखकाने का म्हटले आहे?
२. उपग्रहांचे संदेश मिळत असूनही घाटात मोबाइलचा वाटाड्या कधी कधी निरुपयोगी का ठरतो?
३. औटकी विसरणे व वाट विसरणे यांत लेखक कोणता फरक करतो? तो तुम्हांला पटतो का?
४. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा आठवून काढा. मग ती वाट चालून पाहा व राहून गेलेल्या खुणा निराळ्या रंगाने भरा.