तपासनीस ओहायोचा, नियम वॉशिंग्टनचा

केतकी : मामा, मालगाडी ओहायोत घसरली तर धूर आम्ही ओहायोकरांनी खायचा. मग नियम ओहायोने का करू नयेत?

मामा : कारण तीच गाडी संध्याकाळी पेनसिल्व्हेनियात असते. पन्नास राज्यांनी पन्नास नियम केले तर ती धावायची कशी? म्हणून 1970 च्या केंद्रीय रेल्वे सुरक्षा कायद्याने ठरवलं, की नियम शक्यतो देशभर एकच. केंद्राने एखादा विषय हाती घेतला, की राज्याने त्यातून बाजूला व्हायचं.

केतकी : म्हणजे हात चोळत बसायचं?

मामा : अगदीच तसं नाही. केंद्राचा नियम नसेल तिथे राज्याला मोकळीक आहे. असेल तिथेही खास स्थानिक धोक्यासाठी कडक नियम करता येतो. पण ही वाट न्यायालयांनी फार अरुंद ठेवली आहे.

केतकी : राज्याचे तपासनीस तर आहेत ना?

मामा : आहेत, पण केंद्राने मान्यता दिलेले आणि केंद्राचेच नियम तपासणारे. दोष सापडला तर त्यांनी अहवाल लिहायचा. दंडाचं सहसा केंद्रच बघतं.

केतकी : रूळ रोज तेच बघतात?

मामा : छे गं! ती पाहणी कंपनीचीच माणसं करतात, वेगवान मार्गांवर आठवड्यातून दोनदा. सरकारी माणूस त्यांच्या नोंदी बघतो, मधूनमधून स्वतः रुळावर उतरतो. मी पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांचा निरीक्षक होतो, म्हणून सांगतो : नोंदवही चोख आणि रूळ ढिला, असंही असतं.

केतकी : आपल्या ओहायोत ईस्ट पॅलेस्टाइनला मालगाडी घसरली, तेव्हा तेच झालं?

मामा : नाही, तिथे रूळ नव्हे, चाकाचं बेअरिंग. 3 फेब्रुवारी 2023. रुळालगतच्या तीन यंत्रांनी ते हवेपेक्षा किती जास्त तापलंय ते ओळीने मोजलं : 38, 103, मग 253 अंश फॅरनहाइट. 103 ला चालकाला इशारा मिळाला नाही. तिसऱ्या यंत्राने दिला, चालकाने ब्रेक लावले, तोवर उशीर झाला होता. 38 डबे घसरले. शेवटच्या दोन यंत्रांत सुमारे 20 मैलांचं अंतर!

केतकी : अंतर कोणी ठरवलं? आणि किती अंशांवर इशारा द्यायचा ते?

मामा : दोन्ही कंपनीनेच. केंद्राचा त्यावर नियमच नव्हता.

केतकी : मग ओहायोला मोकळीक होती की!

मामा : होती. या यंत्रांबद्दलचं कलम ओहायोने कायद्यात घातलं ते मार्च 2023 च्या अखेरीस.