अपॉक्रिफा पुस्तकें व आमचें पवित्र शास्त्र

(उपदेशक व मंडळीतील वाचक यांच्याकरितां पाठ)

वाचावयाचे भाग : लूक २४:४४–४८; रोमकरांस ३:१, २; २ तीमथ्य ३:१४–१७.
पाठ करावयाचें वचन : २ तीमथ्य ३:१६.

बाजाराच्या दिवशीं किंवा एखाद्या लग्नाच्या मांडवांत आपल्या उपदेशकाची व रोमन कॅथॉलिक मंडळीतील एखाद्या बंधूची गांठ पडते. बोलतां बोलतां शास्त्राचा विषय निघतो. तो बंधु म्हणतो, "आमच्या शास्त्रांत ७३ पुस्तकें आहेत, तुमच्या शास्त्रांत ६६ च. बाकीचीं सात कोणीं काढून टाकलीं?" उपदेशक गोंधळतो, किंवा रागानें म्हणतो, "आम्हीं कांहीं काढलें नाहीं. तुम्हींच तीं मागाहून घातलीं." दोघेहि आपापल्या वाटेनें जातात, परंतु जवळ उभ्या असलेल्या नव्या विश्वासणाऱ्याच्या मनांत कांटा राहतो. माझ्या हातांतील शास्त्र पुरें आहे कीं अपुरें? ह्या प्रश्नाला सत्यानें व सौम्यतेनें उत्तर देतां यावें म्हणून हा पाठ आहे.

१. हीं पुस्तकें कोणतीं?

प्रथम हें लक्षांत ठेवावें कीं, नव्या कराराविषयीं आम्हांमध्यें व रोमन कॅथॉलिक मंडळीमध्यें कांहींच भेद नाहीं. तीच २७ पुस्तकें दोघांचीं आहेत. भेद आहे तो जुन्या कराराविषयीं. आमच्या जुन्या करारांत ३९ पुस्तकें आहेत, त्यांच्या जुन्या करारांत ४६. जास्त असलेलीं सात अशीं : टोबीत, यूदीथ, शलमोनाचें ज्ञान, सीराखाचें ज्ञान, बारूख, आणि मक्काबी पहिलें व दुसरें. शिवाय एस्तेर व दानीएल ह्या पुस्तकांस कांहीं भाग जोडलेले आहेत. ह्या सर्वांस आपण अपॉक्रिफा म्हणतों. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ "गुप्त राखलेलें" असा आहे.

थोमाचें शुभवर्तमान वगैरे नांवांचे कांहीं ग्रंथ ह्यांहून अगदीं निराळे आहेत. थोमाच्या नांवाच्या त्या ग्रंथाची पूर्ण प्रत १९४५ सालीं मिसर देशांत नाग हम्मादी येथें सांपडली. परंतु तो आम्हीं किंवा रोमन कॅथॉलिक मंडळीनें कधींच शास्त्रांत गणलेला नाहीं. कोणी अशा ग्रंथाचें नांव घेतल्यास दोन्ही गोष्टींची गल्लत होऊं देऊं नये.

२. यहूदी लोकांनीं काय संभाळून ठेविलें?

देवाचीं वचनें यहूदी लोकांच्या स्वाधीन केलेलीं होतीं, असें पौल रोमकरांस लिहितो. त्या लोकांच्या इब्री शास्त्रांत २४ पुस्तकें मोजतात. परंतु तीं आमच्या ३९ पुस्तकांहून वेगळीं नाहींत. केवळ मोजण्याची रीत निराळी आहे. उदाहरणार्थ, बारा लहान संदेष्टे ते एकच पुस्तक धरितात. प्रभूनें पुनरुत्थानानंतर शिष्यांशीं बोलतांना नियमशास्त्र, संदेष्टे व स्तोत्रें अशीं शास्त्राचीं तीन अंगें सांगितलीं, तीं ह्याच इब्री शास्त्रास जुळतात. पहिल्या शतकाच्या अखेरीस योसेफस नांवाच्या यहूदी इतिहासकारानें आपल्या लोकांच्या प्रमाण पुस्तकांची संख्या २२ सांगितली, आणि त्यांत वाढ करण्यास कोणी धजत नाहीं असें म्हटलें.

मग हीं दुसरीं पुस्तकें ख्रिस्ती लोकांच्या हातीं कशीं आलीं? ख्रिस्तापूर्वीं तिसऱ्या शतकापासून इब्री शास्त्राचें ग्रीक भाषांतर होऊं लागलें. पहिल्या मंडळ्यांतील बहुतेक लोक ग्रीक वाचणारे असल्यामुळें तेंच भाषांतर त्यांनीं वापरलें, आणि त्याच्या बरोबर हीं पुस्तकेंहि वाचनांत आलीं. प्रेषितांस तीं ठाऊक असावीं. इब्री लोकांस पत्र ११:३५ मध्यें ज्या हालअपेष्टांचा उल्लेख आहे, तो मक्काबी काळांतील हुतात्म्यांना उद्देशून दिसतो. परंतु "असा शास्त्रलेख आहे" म्हणून त्यांनीं ह्या पुस्तकांतील वाक्य कोठेंहि प्रमाण दिलेलें नाहीं. यहूदानें हनोखाच्या नांवाच्या ग्रंथांतील वचन घेतलें, पौलानें अथेनैकरांपुढें ग्रीक कवीचें वचन घेतलें. तेवढ्यावरून ते ग्रंथ शास्त्र ठरले नाहींत.

येथें एक सावधगिरी हवी. "हीं पुस्तकें इब्री भाषेंत कधींच नव्हतीं," असें प्रमाण पूर्वीं कांहीं लोक देत असत. तें आतां देऊं नये. १८९६ पासून कैरो येथील जुन्या सभास्थानांतून आलेल्या कागदांत सीराखाच्या पुस्तकाचीं इब्री पानें ओळखण्यांत आलीं. आणि १९४७ पासून मृत समुद्राजवळील कुमरान येथें सांपडलेल्या गुंडाळ्यांत टोबीताचे अरामी व इब्री तुकडेहि मिळाले. खोट्या आधारानें खरी गोष्ट बळकट होत नसते.

३. मंडळीच्या इतिहासांत काय घडलें?

ह्या बाबतींत मंडळीचे प्राचीन गुरु एकमताचे नव्हते. अथनेशियसानें ३६७ सालीं आपल्या पत्रांत पुस्तकांची यादी दिली. तींत टोबीत, यूदीथ, शलमोनाचें ज्ञान व सीराखाचें ज्ञान हीं प्रमाण पुस्तकांत न घालतां, नव्यानें शिकणाऱ्यांनीं वाचावयाचीं म्हणून वेगळीं ठेविलीं. मात्र एस्तेरहि त्यानें त्याच वर्गांत घातलें, आणि बारूख यिर्मयाबरोबर धरिलें. लॅटिन भाषांतर करणारा जेरोम इब्री शास्त्रास चिकटून राहिला. ऑगस्टीनानें मात्र मोठी यादी मान्य केली, व ३९७ सालीं कार्थेज येथील सभेनेंहि तीच मान्य केली. तेव्हां "तुम्हीं तीं मागाहून घातलीं," हें उपदेशकाचें रागाचें उत्तर पुरतें खरें नाहीं.

तसेंच "तुम्हीं तीं काढून टाकलीं," हा आरोपहि पुरता खरा नाहीं. ल्यूथरानें १५३४ सालच्या आपल्या जर्मन शास्त्रांत हीं पुस्तकें छापलीं. तीं दोन करारांच्या मध्यें ठेवून, पवित्र शास्त्राच्या बरोबरीचीं नव्हत, तरी वाचावयास चांगलीं, अशी सूचना त्यांवर लिहिली. ट्रेंट येथील सभेनें ८ एप्रिल १५४६ रोजीं हीं सात पुस्तकें इतर शास्त्राच्या बरोबरीचीं आहेत असा बंधनकारक ठराव केला. इंग्लंडच्या मंडळीनें आपल्या सहाव्या धर्मकलमांत जेरोमाचा आधार घेऊन ठरविलें कीं, तीं आचरणाच्या बोधासाठीं वाचावीं, पण त्यांवरून कोणतेंहि मत स्थापूं नये. १६११ च्या इंग्रजी शास्त्रांतहि तीं छापलेलीं होतीं. पुढें वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रानें तीं केवळ मानवी ग्रंथ आहेत असें म्हटलें. ब्रिटिश व परदेशीय बायबल सोसायटींत ह्याविषयीं मोठा वाद होऊन, आपला पैसा अपॉक्रिफा छापण्याकडे लावूं नये असें १८२६ सालीं ठरलें. मिशनांच्या द्वारें गांवोगांवीं गेलेल्या शास्त्रांत हीं पुस्तकें दिसत नाहींत त्याचें कारण ह्या इतिहासांत आहे. अलीकडे, १९६८ सालीं, बायबल सोसायट्या व रोमन कॅथॉलिक मंडळी यांनीं मिळून भाषांतराचे नियम केले. त्यांत हीं पुस्तकें छापावयाचीं झाल्यास नव्या कराराच्या आधीं वेगळ्या भागांत ठेवण्याची सोय आहे.

४. हा भेद कोठें टोंचतो?

सनें लक्षांत राहिलीं नाहींत तरी चालेल. परंतु ह्या भेदानें गांवांतील विश्वासणाऱ्याचें काय होतें हें उपदेशकाला कळलें पाहिजे. दोन उदाहरणें घेऊं.

पहिलें उदाहरण टोबीताच्या पुस्तकांतील. एका मुलीला दुरात्म्याची पीडा असते. तिचे सात नवरे लग्नाच्या रात्रींच मरतात. मग देवदूताच्या सांगण्यावरून तिचा नवा पति तोबिया माशाचें हृदय व काळीज धुपाच्या निखाऱ्यावर घालतो, आणि त्या धुरानें दुरात्मा पळून जातो. त्याच रात्रीं तीं दोघें देवाची प्रार्थना करितात, व ती प्रार्थना खरोखर सुंदर आहे. परंतु जो माणूस भगताची धुरी व अंगारा सोडून ख्रिस्ताकडे आला, त्यानें ही कथा शास्त्र म्हणून वाचली तर तो काय म्हणेल? "धुरी तर येथेंहि आहे!" शुभवर्तमानांत प्रभूनें भूत शब्दानें घालविलें, आणि शिष्यांना प्रार्थनेचा मार्ग दाखविला.

दुसरें उदाहरण मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकांतील, अध्याय १२. यहूदा मक्काबीचे कांहीं शिपाई लढाईंत पडले. प्रेतें पुरण्यास गेले तेव्हां त्यांच्या अंगरख्यांखालीं मूर्तींचे ताईत सांपडले. तेव्हां यहूदानें त्यांच्या पापासाठीं प्रार्थना केली, लोकांकडून रुप्याची वर्गणी गोळा केली, व यरुशलेमास पापार्पणासाठीं पाठविली. मेलेल्यांसाठीं प्रार्थना व अर्पण करण्याच्या मतास ह्या उताऱ्याचा आधार घेतात. मक्काबींची पुनरुत्थानाविषयींची आशा थोर होती, हें कबूल करावें. परंतु अशी आज्ञा मोशानें दिली नाहीं, संदेष्ट्यांनीं दिली नाहीं, प्रभूनें दिली नाहीं, प्रेषितांनींहि दिली नाहीं.

आणि हा प्रश्न पुस्तकांतला नाहीं, घरांतला आहे. मुलाला माती देऊन आलेली आई रात्रीं उपदेशकाला विचारते, "माझ्या लेंकरासाठीं कांहीं करायचें राहिलें का? कांहीं द्यायचें राहिलें का?" शेजारीं पिंड व श्राद्ध चालतें तें तिनें पाहिलेलें असतें. तिला उत्तर कोणत्या पुस्तकांतून द्यावें? ज्यावर माणसाची सर्व आशा टेकावयाची, तें निर्विवाद शास्त्रांतलेंच असलें पाहिजे. इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय उघडून तिला सांगावें कीं, ख्रिस्तानें एकदांच अर्पण केलें व तें पुरें झालें. तुझें लेंकरूं त्याच्या हातीं आहे. आमच्या वर्गणीनें भरून काढावयाचें कांहीं राहिलेलें नाहीं. मग तिच्याबरोबर रडावें, व त्या लेंकराबद्दल देवाचे उपकार मानावे.

५. मग तीं वाचावीं कीं नाहीं?

वाचण्यास हरकत नाहीं, लाभहि आहे. योहान १०:२२ मधील पुनःस्थापनेचा सण कोठून आला हें मक्काबींच्या पहिल्या पुस्तकांत कळतें : ख्रिस्तपूर्व १६४ च्या सुमारास भ्रष्ट झालेलें मंदिर पुन्हां शुद्ध केलें, त्याची ती आठवण. त्याच वेळीं विटाळलेल्या वेदीचे दगड, संदेष्टा येऊन सांगेपर्यंत, बाजूला ठेवून दिले असें तें पुस्तक सांगतें. म्हणजे आपल्या काळीं संदेष्टा नाहीं ही त्या लेखकाची स्वतःचीच कबुली आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा लेखक शेवटीं म्हणतो कीं, लिहिण्यांत उणें राहिलें असेल तर मला इतकेंच साधलें. नम्र माणसाचें हें बोलणें आहे. पण परमेश्वर असें म्हणतो, असें सांगणाऱ्या संदेष्ट्याचें नव्हे. यूदीथाच्या पुस्तकांत नबुखद्नेस्सराला निनवेंत राज्य करणारा अश्शूरी राजा म्हटलें आहे. तो बाबेलचा राजा होता, हें आपल्या शाळेंतील मुलांनाहि ठाऊक आहे.

म्हणून जुन्या गुरूंचा नियम आपण धरावा : बोधासाठीं वाचा, मत स्थापण्यासाठीं नको. आणि पुढें तो बंधु बाजारांत भेटला, तर त्याची थट्टा करूं नका. ज्या २७ पुस्तकांत ख्रिस्त आहे तीं त्याच्याहि हातांत आहेत. त्याला म्हणा, "दादा, सातांविषयीं आपण मागाहून बोलूं, आधीं लूकाचा चोविसावा अध्याय बरोबर वाचूं." तुमच्या हातांतील शास्त्र अपुरें नाहीं. तारणासाठीं जें कळावयास पाहिजे तें सर्व त्यांत आहे. तें न वाचतां पेटींत राहिलें, तर मात्र ६६ काय आणि ७३ काय, दोन्ही सारखींच.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. आमच्या व रोमन कॅथॉलिक मंडळीच्या शास्त्रांत भेद कोणत्या करारांत आहे?
२. "तुम्हीं घातलीं" व "तुम्हीं काढलीं," हीं दोन्ही उत्तरें अपुरीं कां आहेत?
३. प्रेषितानें एखाद्या ग्रंथांतील वचन घेतलें म्हणजे तो ग्रंथ शास्त्र होतो काय? उदाहरण द्या.
४. तुमच्या गांवीं एखाद्या घरीं मृत्यु झाल्यास शोक करणाऱ्यांस शास्त्रांतील कोणता भाग वाचून दाखवाल?