लोखंडाची कांच व तिचा चिवटपणा

स्वारगेटच्या स्थानकांत प्रवाशांनीं भरलेली एस. टी. डुलत आंत येते, तेव्हां तिच्या चाकांवरील पोलादी पाटे वाटेंत किती वेळां वांकले असतील, याचा आपण विचार करीत नाहीं. असा पाटा नुसता कठीण असून भागत नाहीं. कांचहि कठीणच असते! बारीक चीर पडली तरी ती तेथेंच थोपविण्याचा गुण त्याच्या अंगीं हवा. त्यास आपण चिवटपणा म्हणूं.

लोहार हें जाणतो. लालबुंद हत्याराला तो पाणी देतो. धार कठीण होते, पण ठिसूळहि होते. म्हणून तो तें पुन्हां बेतानें तापवितो. थोडें काठिण्य जातें व चिवटपणा येतो.

हें पाणी देणें कल्पनेपलीकडे जलद केलें तर? 1960 सालीं अमेरिकेंत पोल ड्युवेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सोनें व सिलिकॉन यांचा रस इतक्या त्वरेनें गोठविला कीं, अणूंना स्फटिकाच्या रांगा धरण्यास अवकाशच मिळाला नाहीं. 1967 सालीं लोखंड, फॉस्फरस व कार्बन यांच्या मिश्रणावरहि हीच क्रिया साधली. येथें सेकंदास सुमारें दहा लाख अंश इतक्या वेगानें उष्णता काढावी लागते. म्हणून अशा धातूच्या फितीची जाडी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकीच असते. विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यांत ती वापरतात, कारण तींत वीज कमी वायां जाते.

परंतु ही लोखंडी कांच फार ठिसूळ. साध्या पोलादांत अणूंच्या रांगा एकमेकींवरून सरकतात, व चिरेचें टोंक बोथट होतें. येथें रांगाच नाहींत. सारा ताण एखाद्या अरुंद पट्ट्यांत एकवटतो व चीर सुसाट धांवते. लोहाराचा उपायहि येथें उलटतो, हें आम्हांस विशेष वाटतें: ही कांच पुन्हां तापविली कीं अधिकच ठिसूळ होते.

तेव्हां उपाय मिश्रणांतच शोधावा लागला. 2009 सालीं कॅलिफोर्नियांतील डिमेट्रिऊ, जॉन्सन प्रभृति संशोधकांनीं लोखंडांत मोलिब्डेनम, निकेल, क्रोमियम, फॉस्फरस, कार्बन व बोरॉन यांचें प्रमाण बदलून पाहिलें. ध्वनिलहरींनीं प्रत्येक नमुन्याची ताठरता मोजली. जेथें अणू सहज सरकतात, तेथें चिवटपणा अधिक आढळला. कांहीं मिलिमीटर जाडीच्या कांड्याहि ओततां आल्या. एस. टी.चा पाटा मात्र अद्यापि पाणी दिलेल्या साध्या पोलादाचाच आहे.