फुसका बार झाला की थांबा

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार झालेले काडतूस उलटे धरले, तर पितळेच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे उमटलेली दिसतात. किरकी फॅक्टरी, नाव इंग्रजांच्या काळातले, कारखाना १८६९ चा. आज तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे आणि २०२१ पासून काम करणाऱ्या या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे. पाषाणला शस्त्रे विकसित करणारी एआरडीई, सुतारवाडीला स्फोटके आणि बारुदावर संशोधन करणारी एचईएमआरएल. काडतुसाची इतकी जाण असलेले दुसरे शहर देशात शोधावे लागेल.

पण बुडावरचा शिक्का फक्त पुंगळी कुणी घडवली तेवढेच सांगतो. पुंगळीच्या पोटात काय भरले आहे, हे तो सांगत नाही. एकदा उडालेली पुंगळी गोळा करून, नवी टोपी ठोकून, दारू भरून, वर गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार. शिक्का मात्र जुनाच, नामांकित कारखान्याचा. पुन्हा भरलेल्या काडतुसाचा पहिला धोका इथेच आहे: ते हातात घेतलेल्या माणसाला फरक सहजी दिसत नाही.

परदेशात अशी भरणी हा रीतसर छंद आहे. कसलेला माणूस मन लावून, ताजव्यावर तोलून ती करतो, तेव्हा काडतूस उत्तमही होते. प्रश्न प्रमाणाचा आहे. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या नेमबाजीच्या काडतुसात ‘बुल्सआय’ या दारूचे प्रचलित माप २.७ ग्रेन, म्हणजे जेमतेम पावणेदोनशे मिलिग्रॅम. सोनाराच्या भाषेत दीड गुंजसुद्धा भरत नाही. हे काडतूस १८९८ च्या सुमाराचे, काळ्या दारूच्या हिशेबाने आखलेले, म्हणून त्याची पुंगळी ऐसपैस. तिच्यात हे माप चुकून दोनदा पडले तरी ते आत मावते, गोळी नीट बसते आणि बाहेरून काहीही कळत नाही. या काडतुसाची दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड ठरलेली आहे. दुप्पट दारू ती ओलांडून कुठवर जाईल, ते रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर फुटल्यावरच समजते.

उलट चूकही होते, आणि ती जास्त फसवी असते. दारू भरायचीच राहते. घोडा पडतो, टोपी पेटते, पण तिच्या एकटीच्या जोरावर गोळी नळीबाहेर पडू शकत नाही. अर्ध्या वाटेत अडकून बसते. आवाज येतो तो ‘फट्’ असा, दबका. हात झटकत नाही. हाच फुसका बार. त्यामागून दुसरी गोळी सुटली की अडकलेल्या गोळीपाशी दाब कोंडतो आणि नळी फुगते किंवा चिरते.

प्रस्तुत लेखकाने हे शेजारच्या लेनमध्ये उभे राहून पाहिले आहे. नेमबाज चांगला अनुभवी, हातात .३२ चे रिव्हॉल्व्हर, काडतुसे कुणा ओळखीच्याकडून आलेली, ‘स्वस्तात, पण एकदम भारी’ म्हणून. एक बार दबका झाला. मागे उभे असलेले प्रशिक्षक ‘थांब रे!’ म्हणून ओरडले, पण कानांवर मफ होते आणि बोट चापावरच होते. पुढचा बार नेहमीपेक्षा जड वाजला. त्याच्या हाताला इजा झाली नाही, हे केवळ नशीब. टेबलावर ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर मधोमध, बोट फिरवले तर लागेल असे, कड्यासारखे फुगीर वळ आले होते. बॅटरी मारून आत पाहिले तर त्या जागी एक काळी गोल सावली दिसत होती. ती नळी कायमची बाद झाली. उरलेल्या काडतुसांतले एक तिथेच हलवून पाहिले तेव्हा आत काहीच वाजले नाही. ते रिकामे होते की गच्च भरलेले, हे सांगायची सोय नव्हती. सगळी पेटी बाजूला काढली गेली.

अडकलेली गोळी किती वेळ दबा धरून बसू शकते, याचे जगाला माहीत असलेले उदाहरण ब्रँडन ली या अभिनेत्याचे, ब्रूस लीच्या मुलाचे. ‘द क्रो’ या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी दिखाऊ काडतुसे हवी होती. ती विकत न आणता खऱ्या काडतुसांतून दारू काढून टाकून जागेवरच बनवली गेली. एका टोपीत मात्र जीव राहिला. कुणीतरी चाप ओढला, गोळी नळीत सरकून अडकली आणि कुणाच्या लक्षात आले नाही. पुढे त्याच .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चित्रीकरणासाठी बिनगोळीचे काडतूस भरले गेले. त्यातली दारू पुरेशी होती. ३१ मार्च १९९३ रोजी ली गेला, वय अवघे २८. नळीतून एक सळई घालून पाहायला कितीसा वेळ लागला असता?

राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले, तेव्हापासून या प्रकाराकडे वळणारी मुले-मुली कोल्हापूर-पुण्याकडे बरीच दिसतात. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सराव करणाऱ्यांना फुसक्या बाराचा हा धोका आवर्जून सांगायला हवा, कारण या खेळात विचाराला सवडच नसते. रॅपिड फायरच्या शेवटच्या मालिकेत ४ सेकंदांत ५ बार. एक दबका गेला हे मेंदूला उमगेपर्यंत पुढचा सुटलेला असतो. .२२ ची काडतुसे पुन्हा भरत नाहीत, पण निकृष्ट किंवा भिजलेल्या .२२ मध्येही गोळी अडकते. आंतरराष्ट्रीय नियमांनी नळीत गोळी अडकणे हा मान्य बिघाड धरला आहे. म्हणजे थांबून हात वर केला तर खेळाडूचे नुकसान होत नाही. मुलांना हा नियम पहिल्याच आठवड्यात शिकवावा.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात आणखी एक सापळा आहे. फुसक्या बाराने स्लाइड मागे येत नाही. माणसाला वाटते, अडकले असेल. तो हाताने स्लाइड ओढतो, नवे काडतूस चेंबरमध्ये चढवतो आणि चाप दाबतो. सराव जितका मुरलेला, तितकी ही हालचाल आपोआप होते.

रेंजवर न जाणाऱ्या परवानाधारकांची गोष्ट निराळी. मुळशी-मावळात शेती असलेल्या, किंवा व्यवसायामुळे परवाना घेतलेल्या कित्येकांकडे वर्षानुवर्षे तीच काडतुसे पडून असतात. निवडणूक आली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत, पुन्हा कपाटात. पावसाळ्यातली दमट हवा, चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवल्याने पितळेवर चढलेला हिरवट थर, आणि ‘गंजू नये’ म्हणून चोळलेले तेल. हे तेल टोपीत झिरपते आणि तिचा जीव जातो. त्यात .३२ या आकड्याचा घोळ: रिव्हॉल्व्हरचे .३२ लाँग आणि पिस्तुलाचे .३२ ही वेगवेगळी काडतुसे आहेत. पिस्तुलाचे काही रिव्हॉल्व्हरांत बसतेही, पण त्याचा दाब जास्त असतो. बसते म्हणून चालते, असे समजू नये.

मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून येणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या पुणेकरांना नव्या नाहीत. अशा शस्त्राच्या नळीचे पोलाद कुणी तपासलेले नसते आणि त्याच्या काडतुसाचा तर ठावठिकाणाच नसतो. चालवणाऱ्याचा पंजा त्यात आधी जातो.

कायदाही स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेसुद्धा दारूगोळाच मानली आहेत. विनापरवाना दारूगोळा बनवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप. ओळखीच्याने ‘घरीच भरलेली’ म्हणून दिलेली पेटी घेताना हे आठवावे.

आवाज वेगळा आला, झटका कमी बसला, लक्ष्यावर छिद्र दिसले नाही, तर थांबा. शस्त्र लक्ष्याकडेच रोखून ठेवा आणि निदान अर्धा मिनिट हलवू नका, कारण दारू उशिराही पेटते. मग रिकामे करा आणि नळीतून सळई आरपार जाते का ते पाहा. अडकलेली गोळी ठोकून काढायचा उद्योग घरी करू नका. तो शस्त्रकारागिराकडे सोपवा. गोळी आत दबलेली, टोपी वर आलेली, तोंडाशी चीर गेलेली काडतुसे वापरू नका. आणि ती कचऱ्यात, नदीत किंवा शेकोटीत टाकू नका. परवाना सोबत घेऊन परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा आपल्या पोलीस ठाण्यात जा, ती जमा करा आणि पोच मागून घ्या.