सोडलेल्या घासाचा हिशेब

पाठ : यशया ५८:१-७, मत्तय ६:१-४ व १६-१८

शरीराचे वजन उतरवावे आणि त्याच श्रमातून गरिबांकरिता पैसाही उभा करावा, अशी एक रीत पाश्चात्य देशांत बरीच रूढ झाली आहे. स्थूल मनुष्य आपल्या परिचितांस म्हणतो, "माझे जितके पौंड उतरतील, तितक्या पौंडांमागे अमुक रक्कम तुम्ही रुग्णालयास द्यावी." ते कबूल करतात, यादी होते, आणि काही आठवड्यांनी तराजू सांगेल त्याप्रमाणे पैसे गोळा होतात. २००९ साली अमेरिकेत तर एका खाद्यपदार्थाच्या कंपनीनेच, लोकांनी उतरवण्याचे कबूल केलेल्या प्रत्येक पौंडामागे काही सेंट भुकेलेल्यांच्या अन्नपेढ्यांस देण्याचे जाहीर केले. असे काही आपल्या मंडळीत करावे काय, असे तरुण सभासद विचारतात. तेव्हा या रीतीत घेण्याजोगे काय आणि टाकण्याजोगे काय, हे उपदेशक बंधूंनी नीट समजून घ्यावे, एवढ्याकरिता हा पाठ.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, मूळ कल्पना नवी नाही. दुसऱ्या शतकात रोम शहरी हर्मास नावाच्या ख्रिस्ती मनुष्याने 'मेंढपाळ' नामक ग्रंथ लिहिला. त्यात उपासाविषयी एक दृष्टांत आहे, व त्याच्या पाठोपाठ अगदी व्यवहारी सूचना आहे : उपासाच्या दिवशी केवळ भाकर व पाणी घ्यावे, एरवी त्या दिवशी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी, आणि ती रक्कम विधवेस, पोरक्यास किंवा गरजवंतास द्यावी. त्याच शतकात अरिस्तीदेस नावाच्या अथेन्सच्या तत्त्वज्ञाने रोमी बादशहापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. हे लिखाण कित्येक शतके हरवले होते. १८८९ साली सीनाय डोंगराच्या मठात त्याची सुरयानी प्रत सापडली. त्यात तो सांगतो की, या लोकांत कोणी दरिद्री असला व त्याला देण्यास त्यांच्याजवळ जास्तीचे अन्न नसले, तर ते दोन-तीन दिवस स्वतः उपास करून त्याचे पोट भरतात. यशयाने ज्या उपासाचा धिक्कार केला तो नेमका याच्या उलट होता. उपासकाने मान वाकवावी, गोणपाट नेसावे, आणि त्याच दिवशी आपल्या मजुरांस राबवून घ्यावे! अशा उपासाने उपासकाचे पोट रिकामे राहते खरे, परंतु शेजाऱ्याचेही रिकामेच राहते.

आता जवळच्या काळाकडे येऊ. मुक्तिफौजेची गोष्ट आपल्या नगर जिल्ह्यातील वाचकांस विशेष गोड वाटेल, कारण ती फौज १८८२ साली मुंबईस उतरली व पुढे नगर भागातही तिने मोठे काम उभारले. इंग्लंडात १८८६ साली जनरल विल्यम बूथ यांनी परदेशातील कामाकरिता मदत मागितली, तेव्हा जॉन कार्लटन नावाच्या मेजराने लिहून दिले की, मी वर्षभर जेवणानंतरचे गोड खाणे सोडीन. त्यातून पन्नास शिलिंग वाचतील, ते मी देईन. बूथसाहेबांस ही गोष्ट फार आवडली. मात्र वर्षभर एकाच पदार्थाचे व्रत धरण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक आठवडा काहीतरी सोडावे हे त्यांस अधिक बरे वाटले, आणि त्यातून फौजेचा स्वार्थत्यागाचा सप्ताह निघाला. मिझोरामच्या मंडळ्यांत १९१० पासून चालत आलेली मूठभर तांदळाची चालही याच जातीची : भात शिजवताना घरची बाई प्रत्येक वेळी एक मूठ तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढते.

या सर्वांत एक गोष्ट सारखी आहे, तिकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. हर्मासाने किंमत काढली ती न खाल्लेल्या अन्नाची. कार्लटनने हिशेब केला तो सोडलेल्या गोडाचा. आपले शरीर कोणी तराजूत घातले नाही. आमचे मत असे की, आपणही पैसा किलोशी बांधू नये, ताटातून उचललेल्या घासाशी बांधावा.

याचे कारण केवळ धार्मिक नव्हे. तराजू हा या कामी फार लबाड साक्षीदार आहे. खाणे एकाएकी तोडले म्हणजे पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो उतरलेसे दिसतात, त्यांत बराच भाग पाण्याचा असतो. चरबी हळूहळूच जाते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात, त्या चार दिवसांत कशा जाणार? आठवड्यास अर्धा ते एक किलो एवढा उतार पुरेसा समजावा. परंतु किलोमागे पैसा ठरला की, मनुष्य घाई करतो. वजनाच्या आदल्या दिवशी पाणी पीत नाही, जुलाब घेतो, जेवण साफ सोडतो. आणि हे सर्व धर्मकार्य म्हणून! झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांस पित्ताशयात खडे होण्याचे भय असते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांस न विचारता उपास केला, तर रक्तातील साखर एकदम खाली जाऊन तो बेशुद्ध पडू शकतो. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मुले आणि क्षयरोगातून उठलेली माणसे यांस या कामात मुळीच ओढू नये.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील प्रौढ स्त्रियांपैकी शेकडा २४ स्थूल आढळल्या, व शेकडा सुमारे १९ हाडकुळ्या. दोन्ही प्रकारच्या बहिणी उपासनेत एकाच सतरंजीवर बसतात. किलोमागे दान ठरवले तर ऊसतोडीहून आलेल्या बाईने काय द्यावे? तिच्या अंगावर उतरवण्यास काहीच नाही. भक्तीच्या भरात ती मात्र सर्वांच्या आधी जेवण सोडील, हे आपल्या उपदेशक बंधूंस सांगावयास नको. म्हणून आधी पाहावे. १६० सेंटिमीटर उंचीच्या प्रौढ माणसाचे वजन सुमारे ४७ किलोंच्या खाली असेल तर तो अशक्तांत मोडतो. ५९ च्या वर असेल तर आपल्या देशातील माणसांच्या मानाने जास्त, आणि ६४ च्या वर स्थूल. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर व स्त्रीचा ८० सेंटिमीटर यांच्या आत असावा. अशक्त मनुष्याने द्यावयाचेच असेल तर श्रम द्यावे, एखाद्या आजाऱ्याचे पाणी भरावे; घास देऊ नये.

येथे कोणी म्हणेल की, आमच्या खेड्यात स्थूल कोण आहे? आमचे पणजोबा १८७६ च्या दुष्काळात झाडपाला खाऊन जगले, आता देवाने चार घास दिले तर तेही मोजावे काय? या तक्रारीत दुःख आहे, आणि भरल्या अंगाच्या माणसास 'खात्यापित्या घरचा' म्हणण्याची आपली रीतही त्याच दुःखातून आली. परंतु आता बैलगाडीच्या जागी मोटारसायकल आली, विहिरीच्या जागी नळ आला, आणि साखर व तेल पूर्वीच्या मानाने घरोघर सहज मिळू लागले. मधुमेह केवळ शहरवाल्यांचा रोग राहिलेला नाही.

तेव्हा सोडावे काय? आम्ही चहापासून आरंभ करू. सुवार्तिक सकाळी भेटीस निघाला की, पाच घरी पाच चहा होतात. नाही म्हटले तर घरची माउली खट्टू होते, आणि साखर कमी घातली तर तिला आपली अब्रू गेलीसे वाटते. (पाळकांचे पोट पुढे का येते, याचे हेही एक कारण आहे.) एकट्याने नाही म्हणणे कठीण, सर्व मंडळीने मिळून पुनरुत्थानाच्या सणापूर्वीचे चाळीस दिवस बिनसाखरेचा चहा ठरवला, तर कोणाचाच अपमान होत नाही. आता हिशेब पाहा. दिवसास चार कप, कपात दोन चमचे, चमच्यात ५ ग्रॅम. म्हणजे रोज ४० ग्रॅम साखर, अर्थात १६० कॅलरी. चाळीस दिवसांत १,६०० ग्रॅम साखर व ६,४०० कॅलरी होतात. बाकीचे खाणे-चालणे जसेच्या तसे राहिले तर कागदावर हे पाऊण किलोहून थोडे अधिक वजन होते. प्रत्यक्षात काहीसे कमी उतरेल. साखर ४५ रुपये किलो धरली तर ७२ रुपये वाचले. त्यांत आठवडी बाजारातली भज्यांची एक प्लेट सोडली, ती २० रुपयांची धरली, तर सहा बाजारांचे १२० रुपये. माणशी १९२ रुपये झाले. वीस माणसांनी असे केले तर ३,८४० रुपये. आणि तूरडाळ १२० रुपये किलो असेल तर ३२ किलो डाळ. स्थूलाच्या अंगातून जे गेले ते भुकेल्याच्या ताटात गेले, असे येथे खरोखर म्हणता येते. नुसते वजन उतरले आणि वाचलेले पैसे खिशातच राहिले, तर त्यास आम्ही पथ्य म्हणू, दान म्हणणार नाही.

कोणास वजन पाहावयाचे असेल त्याने आरोग्य उपकेंद्रात जाऊन पाहावे, व मनात ठेवावे. उपासनेनंतर सर्वांदेखत माणसांस काट्यावर उभे करून टाळ्या पिटू नयेत. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने उपास व दान ही दोन्ही गुप्तपणे करण्यास सांगितले आहे. ज्याचे वजन उतरले नाही त्याची, व विशेषतः स्थूल मुलींची, थट्टा होऊ नये हाही त्यात लाभ आहे.

पेटी मात्र उघड असावी. दर रविवारी ती दोघांनी मिळून उघडावी. एकाने मोजावे, दुसऱ्याने वहीत लिहावे, आणि खाली दोघांनी सही करावी. कोणी किती टाकले याची नोंद नको, एकूण रक्कम पुरे. चाळीस दिवस संपल्यावर मंडळीपुढे वाचून दाखवावे की, डाळ किती किलो घेतली, कोणत्या दुकानातून व कोणत्या दराने. ज्या घरी ती पोहोचवली त्या घरांची नावे वाचू नयेत.